पाऊस मोजणाऱ्याचे मानधन



पावसाळ्यात आंबेवाडी नाक्यावर सकाळी एस.टी.ची वाट पाहत उभा असलेला प्रत्येक माणूस हवामान खात्याला शिव्या देत असतो. रेड अलर्ट म्हणून शाळेला सुट्टी दिली आणि लख्ख ऊन पडले तर शिव्या. काही नाही म्हणाले आणि कुंडलिका चढली तर दुप्पट शिव्या. मीही त्यातलाच. धाटावला एका कारखान्यात हिशेबाचा कारकून आहे. मोठा पाऊस झाला की हजेरीपटावर खाडे मांडायचे काम माझ्याकडे येते. साहेब लोक घरी राहिले तर त्यांची रजा लागते, कंत्राटी मजूर घरी राहिला तर त्याचा रोज बुडतो. म्हणून अंदाज चुकला की आमच्या माणसांच्या जिवाला लागते, ते काही उगाच नाही.

पण हा अंदाज बांधणाऱ्याला आणि त्याच्यासाठी पाऊस मोजणाऱ्याला काय मिळते, हे नाक्यावर मी कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही. आमच्या वस्तीत एक तात्या आहेत. त्यांच्यामुळे मला ते कळले.

तात्यांनी बावीस वर्षे पर्जन्यमापक पाहिला. ज्या खात्यासाठी पाहिला त्याचे नाव घेत नाही, प्रकरण अजून संपलेले नाही. काम वरकरणी सोपे. आवारात मोकळ्या जागी एक नरसाळे, त्याखाली बाटली. सकाळी बरोबर साडेआठ वाजता बाटलीतले पाणी मोजपात्रात ओतायचे, डोळा पाण्याच्या रेषेला लावून आकडा वाचायचा, वहीत लिहायचा आणि कळवायचा. साडेआठ म्हणजे साडेआठच. देशभर पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि तिथेच दुसरा सुरू होतो. त्यामुळे सण असो, ताप असो, मयत असो, साडेआठला माणूस नरसाळ्यापाशी हवा. जोराच्या पावसात बाटली भरून वाहू नये म्हणून रात्रीही उठावे लागे. २००५ च्या २६ जुलैला तात्या रात्रभर झोपले नाहीत. कंदील घेऊन जायचे, बाटली मोजून रिकामी करायची, आकडा कागदावर टिपून खिशातल्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचा. तात्या तापाने पडले की काकू जायच्या. काकू चौथी शिकलेल्या, पण त्यांचा आकडा कधी चुकला नाही.

या आकड्याची किंमत त्याच २६ जुलैने दाखवून दिली. त्या चोवीस तासांत मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला नोंदला गेला ७३. शहर एक, दिवस एक, आणि दोन नरसाळ्यांत एवढे अंतर. फक्त कुलाब्याचीच नोंद असती तर कागदावर मुंबईत साधारण पाऊस झाला असता. आपल्या जिल्ह्यात त्याच पावसाने महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहण, कोंडीवते या गावांवर दरडी आल्या. पुढे २०२१ च्या २२ जुलैला तळिये आणि २०२३ च्या १९ जुलैच्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी. या दोन ठिकाणी मिळून दीडशेहून अधिक माणसे गेली किंवा कायमची बेपत्ता झाली. डोंगराच्या पायथ्याशी आणि डोंगरावर कोण राहते, हे मी आपल्याला सांगायला नको. वाडी कधी रिकामी करायची, हे शेवटी तिथल्या आणि आसपासच्या पावसाच्या आकड्यावरून ठरायचे असते.

मोठा संगणक चार दिवसांचा अंदाज काढतो, उपग्रह ढग दाखवतो, हे खरे. पण अंदाज बरोबर आला की चूक, हे जमिनीवरच्या नरसाळ्यातल्या पाण्यावरूनच कळते. वर्षानुवर्षांच्या अशा आकड्यांवरून कोणत्या महिन्यात किती पाऊस ‘सरासरी’ धरायचा ते ठरते. म्हणजे इमारत कितीही उंच झाली तरी पाया बाटलीत आहे.

आता पगाराकडे येतो. हवामान खात्यात कायम नोकरीत असलेला वैज्ञानिक साहाय्यक सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ३५,४०० मूळ पगारावर लागला. त्यांच्याही तक्रारी आहेत आणि त्या खोट्या नाहीत. रात्रपाळी असते, जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात. २०१७ साली एकदम १,१०२ आणि २०२२ साली ९९० पदांची जाहिरात निघाली, त्यावरून तोपर्यंत किती माणसांचे काम उरलेल्यांनी ओढले असेल याचा हिशेब करावा. १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. तरीपण त्यांच्या हाती पगाराची चिठ्ठी आहे, रजा आहे, दाद मागायला संघटना आहे.

तात्यांच्या हाती होते ‘मानधन’.

हा शब्द नीट पाहा. कवीला, वक्त्याला, पाहुण्याला आपण मानधन देतो. तो स्वतःच्या पोटापाण्याचा दुसरा उद्योग सांभाळून मानाने आला, म्हणून. रोज साडेआठला ज्याला हजर राहावेच लागते, न आल्यास ज्याचे पैसे कापले जातात, ज्याची वही वरिष्ठ तपासतो, त्याला दिलेले पैसे मानधन कसे? मान तर मिळाला नाहीच, धनही नाही. २०११ साली तात्यांना थांबवले तेव्हा महिना नऊशे रुपये मिळत होते. मी तेव्हा नवा नवा बी.कॉम. आणि कायद्याची पुस्तके चाळायचा नाद. तात्यांच्या ओट्यावर बसून मी हिशेब मांडला. उपदानाच्या १९७२ च्या कायद्यात एका वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरायचा. नऊशेला सव्वीसने भागून पंधराने गुणले आणि बावीस वर्षांनी गुणले, तर ११,४२३ रुपये होतात. काकूंनी आकडा पुन्हा विचारला. तेवढ्यात घराचे पत्रे बदलता येतात का, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते.

अर्ज केला. सात महिन्यांनी उत्तर आले. आपणांस मानधन अदा करण्यात येत होते, वेतन नव्हे, सबब उपदानाचा प्रश्न उद्भवत नाही. एका शब्दावर बावीस वर्षे कापली गेली.

तात्या काही बोलले नाहीत. काकू मात्र म्हणाल्या, “पाऊस पण मानधनावरच पडत असंल मंग.”

त्या दिवशी मला आठवले ते बाबासाहेबांचे १९२८ सालचे वतनाचे विधेयक. मुंबई कायदे मंडळात त्यांनी महार वतनदाराच्या कामाचा हिशेबच मांडला होता. चाकरी सरकारची, चोवीस तासांची. वतनदार हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाने जायचे. आणि मोबदला? तुटपुंजी इनाम जमीन आणि गावाकडून मिळेल ते बलुते. सरकारचे काम आहे तर सरकारने रोख पगार द्यावा, असा त्यांचा आग्रह होता. विधेयक तेव्हा पुढे गेले नाही. कनिष्ठ गावकामगार वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने, आणि त्या जागी कोतवाल आला. त्याच्याही नावापुढे पुन्हा तोच शब्द लागला, मानधन. गावोगावच्या महसुली नोंदी, पंचनामे, दवंडी, पुराचा निरोप, सगळे त्याच्याच अंगावर. २०२३ साली हे मानधन साडेसात हजारांवरून पंधरा हजार झाले, २०२४ साली त्यात आणखी दहा टक्के वाढ ठरली आणि त्यानंतर नावही बदलून ‘महसूल सेवक’ झाले. चतुर्थ श्रेणीची मागणी मात्र अनेक वर्षांची आहे. नावे बदलायला खर्च येत नाही ना!

काकू ताप असतानाच्या नवऱ्याच्या जागी बाटली मोजायला जात होत्या, त्यांना त्याचा एक पैसाही मिळाला नाही. वतन गेले, पण घरच्या माणसाने फुकट जायची रीत राहिली.

कोणी म्हणेल, तात्या चौथी-पाचवी शिकलेले, त्यांचे काय घेऊन बसलात. मग शिकलेल्यांचे ऐका. २०१८ सालापासून केंद्र सरकारने देशभर कृषी विज्ञान केंद्रांत १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे उघडली. पालघरला कोसबाडच्या केंद्रात असे एक होते. तिथे एक कृषी हवामानाचा विषय विशेषज्ञ आणि एक निरीक्षक. तालुकावार पाच दिवसांचा अंदाज घेऊन दर मंगळवारी आणि शुक्रवारी शेतकऱ्याला त्याच्या बोलीत सांगायचे, फवारणी आज नको, भात कापून शेतात ठेवू नका, आंब्याला अमुक करा. एम.एस्सी., पीएच.डी. झालेली पोरे, सगळी कंत्राटी. १५ जानेवारी २०२४ रोजी हवामान खात्याच्या दीडशेव्या वर्षाचा समारंभ दिल्लीत सुरू झाला, आणि त्याच महिन्यात ही केंद्रे मार्चअखेर बंद करण्याचे पत्र निघाले. यंत्रे आपोआप नोंद करतात, मग माणूस कशाला, असा युक्तिवाद वर नीती आयोगाच्या पातळीवर झाल्याचे पुढे वर्तमानपत्रांत छापून आले. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘मिशन मौसम’ला दोन हजार कोटी मंजूर झाले. म्हणजे पैसा नव्हता असे नाही. रडार आणि संगणक विकत घेता येतात, पण कंत्राटी पोराला कायम करायचे म्हटले की तिजोरीत खडखडाट.

यंत्राला माझा विरोध नाही. आपल्या राज्यात २०१७ पासून ‘महावेध’ची दोन हजारांवर स्वयंचलित केंद्रे महसूल मंडळांत बसली. आंबा-काजूच्या फळपीक विम्याची भरपाई अशाच केंद्रांच्या आकड्यांवर ठरते. पण यंत्राच्या नरसाळ्यात पालापाचोळा बसतो, कोळी जाळे विणतो, शेजारचे झाड वाढून आडोसा करते. ते साफ करायला कोण जातो? तो कोणत्या ठेकेदाराचा, त्याला किती रोज, त्याचा भविष्यनिर्वाह निधी कापतात का? मी एकाला विचारले होते. तो हसला आणि म्हणाला, “दादा, माझा ठेकेदार कोन हाय ते मलाच नीट म्हाईत नाय.”

आता थोडे बरे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली पंजाबच्या जगजितसिंग प्रकरणात सांगितले की तात्पुरता माणूस कायम माणसाचेच काम करीत असेल, तर त्याला त्या वेतनश्रेणीचा किमान पगार मिळाला पाहिजे. आणि २० डिसेंबर २०२४ रोजी ‘जग्गो विरुद्ध भारत सरकार’ हा निकाल आला. हा आपल्या विषयाला फार जवळचा आहे. केंद्रीय जल आयोगात अर्धवेळ, तात्पुरती म्हणून वर्षानुवर्षे साफसफाई आणि तत्सम काम करणारी चार माणसे. त्यांना २०१८ साली एका फटक्यात काढून टाकले. न्यायालय म्हणाले, कागदावर काय पाटी लावली ते पाहू नका, काम नेहमीचे आणि गरजेचे होते की नाही ते पाहा. त्यांना परत घेऊन सेवेत कायम करण्याचा आदेश झाला. मधल्या काळाचा थकलेला पगार मिळाला नाही, पण निवृत्तीच्या लाभासाठी ती वर्षे सलग धरली. निकाल देणारे न्यायमूर्ती दोन, विक्रम नाथ आणि प्रसन्ना वराळे. वराळ्यांचे आजोबा बळवंतराव बाबासाहेबांचे सहकारी. आणि पुराचा अंदाज देणारा हा जल आयोग १९४५ साली सुरू झाला, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते होते बाबासाहेबांकडे. त्यांच्या खात्याखाली जन्मलेल्या कचेरीला झाडूवालीचा हक्क द्यायला कोर्टाने सांगावे लागले! याचे मला वाईटही वाटले आणि जग्गोबाईंचा अभिमानही.

निकाल वाचून मी पुन्हा तात्यांकडे गेलो. तात्यांचे कान आता गेले आहेत. मोठ्याने सांगावे लागले. मानधन या पाटीवर आता पूर्वीसारखे अडवता येणार नाही कदाचित, पण आपले प्रकरण जुने आहे, मुदतीचा प्रश्न येईल, आणि तुमचे काम ‘हंगामी’ होते असाही मुद्दा ते काढतील, हे मी लपवले नाही. तात्या म्हणाले, “हंगामी कसं? वहीत बघ की.”

काकूंनी पत्र्याच्या पेटीतून वह्या काढल्या. कचेरीला द्यायच्या प्रतीवरून तात्या घरीही उतरवून ठेवत. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, प्रत्येक दिवसापुढे शून्य. पाऊस नसला तरी साडेआठला जाऊन, नरसाळे पाहून, शून्य लिहिलेले. मी मोजले. एका वर्षात तीनशे पासष्ट नोंदी होत्या, आणि काही नोंदी काकूंच्या अक्षरात.

त्या वह्यांच्या झेरॉक्स जोडून गेल्या वर्षी नवा अर्ज पाठवला आहे. पोस्टाची पोचपावती आली, उत्तर अजून नाही.

आपल्या घरात, नात्यात कोणी नदीची पातळी, पाऊस, धरणाचे पाणी मोजण्याचे काम मानधनावर, रोजावर किंवा ठेकेदारामार्फत केले असेल वा करीत असेल, तर त्याने नेमणुकीचा कागद, हजेरीची नक्कल, बँकेचे पासबुक आणि हाताने लिहिलेली वही असेल तर तीही जपून ठेवावी. पावसात भिजू देऊ नये. रविवारी सकाळी दहा ते बारा मी घरीच असतो. अर्जाचा मसुदा तयार आहे, झेरॉक्सचा खर्च तेवढा ज्याचा त्याने करावा.