विश्लेषण : सासर नागपूरचं, पासपोर्ट परदेशी, लग्नानंतर व्हिसा कसा बदलतो?

लग्नाचा बस्ता म्हटलं की विदर्भातली कुटुंबं आजही गांधीबाग-इतवारीची वाट धरतात. शालूपासून आहेराच्या कपड्यांपर्यंत सगळं तिथे मिळतं. पण नवरी किंवा नवरा परदेशी पासपोर्टवर आलेला असेल, तर खरी धावपळ मांडव उतरल्यावर सुरू होते. ‘लग्न झालं, आता कोण परत पाठवतंय?’ असं नातेवाईक सहज म्हणतात. कायदा मात्र तसं म्हणत नाही. भारतीय माणसाशी लग्न केल्याने इथे राहण्याचा हक्क मिळत नाही. मिळतो तो वेगळ्या प्रकारच्या व्हिसासाठी अर्ज करण्याचा मार्ग.

२०२५ च्या एप्रिलमध्ये काय दिसलं?

पहलगाम हल्ल्यानंतर केंद्र सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द केले. वैद्यकीय व्हिसावर आलेल्यांना २९ एप्रिलपर्यंत मुदत होती. त्या दिवसांत माध्यमांत आलेल्या आकडेवारीनुसार महाराष्ट्रात ५,०२३ पाकिस्तानी नागरिक होते आणि त्यातले २,४५८ एकट्या नागपूर शहरात. यात मोठा वाटा सिंधी हिंदू कुटुंबांचा.

मग एवढ्या लोकांना नागपूर सोडावं लागलं का? नाही. दीर्घकालीन व्हिसा, म्हणजे एलटीव्ही असलेल्यांना या आदेशातून वगळलं होतं. एकाच घरात एकाकडे एलटीव्ही आणि दुसऱ्याकडे भेटीसाठीचा अल्पमुदतीचा व्हिसा असेल, तर दोघांना लागू होणारा नियम वेगळा होता. कोण थांबणार आणि कोण जाणार, हे व्हिसाच्या प्रकारावरून ठरलं.

पाकिस्तानी सुनेसाठी मार्ग कोणता?

पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातल्या ज्या महिलांनी भारतीय नागरिकाशी लग्न केलं आहे आणि ज्या इथेच राहतात, त्या एलटीव्हीसाठी अर्ज करू शकतात. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि पडताळणी परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याकडे. नागपुरात हे काम पोलीस आयुक्तालयाची विशेष शाखा पाहते.

इथे मोठा धोका आहे तो ‘अर्ज दिलाय’ यावर विसंबून राहण्याचा. जम्मूतल्या एका महिलेचं प्रकरण यासाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. तीन दशकांहून अधिक काळ ती भारतीय नवऱ्यासोबत एलटीव्हीवर राहत होती. जानेवारी २०२५ मध्ये तिने नूतनीकरणाचा अर्ज दिला, पण निर्णय आला नाही आणि एप्रिलच्या अखेरीस तिला अटारीमार्गे पाकिस्तानात पाठवण्यात आलं. जूनमध्ये जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाने तिला परत आणण्याचे निर्देश दिले. नंतर केंद्राने भेटीसाठीचा व्हिसा देण्याची तयारी दाखवली. एका प्रलंबित अर्जापायी कुटुंबाला कित्येक महिने ताटातूट सोसावी लागली.

इतर देशांच्या जोडीदारांचं काय?

समजा, एखादी थाई किंवा जर्मन व्यक्ती पर्यटक व्हिसावर आली आणि तिने नागपूरकराशी लग्न केलं. पर्यटक व्हिसा सहसा दुसऱ्या प्रकारात बदलता येत नाही. भारतीयाशी लग्न हा त्याला असलेला अपवाद. नोंदणीकृत विवाह प्रमाणपत्र जोडून ‘एंट्री’ म्हणजे एक्स व्हिसासाठी अर्ज करता येतो. दोघं खरोखर एकत्र राहतात का, याची चौकशी होते.

इथे दिवस मोजणं महत्त्वाचं. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर ३० दिवसांची नोटीस लागते आणि त्याआधी दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेलं असावं लागतं. धार्मिक पद्धतीने झालेल्या लग्नाची नोंद महापालिकेच्या झोन कार्यालयात होते. गांधीबाग हाही त्यातला एक झोन.

नोंदणीनंतर लग्नाला सलग दोन वर्षं झाली की ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. घटस्फोट झाल्यास मात्र हे कार्ड रद्द होऊ शकतं. स्वतः, आई-वडील किंवा आजी-आजोबा पाकिस्तान वा बांगलादेशचे नागरिक असतील, तर ओसीआयचा रस्ता बंद.

नागरिकत्व कधी?

नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ नुसार भारतीयाशी लग्न केलेली व्यक्ती सात वर्षं इथे राहिल्यावर अर्ज करू शकते. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांसाठी ‘सीएए’चा वेगळा मार्ग आहे. त्याचे नियम मार्च २०२४ मध्ये लागू झाले.

बाहेर काय चित्र?

लग्नानंतरही कागद सांभाळावे लागणं ही फक्त भारताची रीत नाही. थाई बायको असलेल्या परदेशी नवऱ्याला तिथे दरवर्षी मुदतवाढ घ्यावी लागते. त्यासाठी बँकेत ४ लाख बाट किंवा महिना ४० हजार बाट उत्पन्न दाखवावं लागतं. भारतात अशी ठरावीक रकमेची अट नाही. इथे सगळ्यात मोठा फरक पडतो तो पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे याने.

मग घरच्यांनी काय करावं?

१ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू झाला आहे. मुदत संपूनही थांबल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, ३ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे विवाह नोंदणी लगेच करा. व्हिसाची शेवटची तारीख घरातल्या दोघातिघांना तरी माहीत असू द्या. नूतनीकरणाचा अर्ज शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. पोचपावती जपा, पण तिलाच व्हिसा समजू नका. उत्तर येत नसेल, तर कार्यालयात लेखी पाठपुरावा करा.

बस्ता बांधायला निघण्याआधी पासपोर्टवरचा व्हिसा कोणत्या प्रकारचा आहे, तेही एकदा बघून घ्या.