जी जखम दाखवता येत नाही

बेळगावात वाढलेल्या माणसाला सैनिक हा केवळ पुस्तकात भेटत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्या गावातच आहे. पहाटे कॅम्पच्या बाजूला फिरायला जाणाऱ्याच्या कानावर कवायतीचे हुकूम पडतात आणि आसपासच्या खेड्यांत पेन्शनवर आलेला एखादा सुभेदार किंवा हवालदार नाही असे खेडे विरळाच. लढाईत पाय गमावलेला जवान बसमध्ये चढला तर आपण उठून त्याला जागा देतो. त्याची कुबडी आपल्याला दिसते आणि जे दिसते त्याचा मान राखण्याची रीत अजून आपल्यात शिल्लक आहे.

परंतु काही जखमा कपड्याखाली राहतात. सैन्यातील नोकरीमुळे ज्याची मूल होण्याची शक्ती गेली, जिला गर्भाशय गमवावे लागले, ज्याच्या नव्या संसारावर कायमचे सावट पडले, त्याने वा तिने काय करावे? कुणापुढे अर्ज करावा? आणि मुख्य म्हणजे, तो अर्ज कोणत्या शब्दांत लिहावा? हा विषय अवघड आहे. महाविद्यालयाच्या वार्षिकात तो कशाला, असेही काहींना वाटेल. माझ्या मते तो येथेच यायला हवा, कारण ज्या विषयावर आपण बोलत नाही त्या विषयात अन्यायाला फार मोकळे रान मिळते.

या प्रश्नाचा सर्वांत जास्त ऊहापोह अमेरिकेत झाला आहे, म्हणून उदाहरण तिकडचे घेतो. तेथे माजी सैनिकांसाठी केंद्र सरकारचे स्वतंत्र खाते आहे. सेवेमुळे अपंगत्व आलेल्यास दरमहा भरपाई मिळते. त्यासाठी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : आज विकार आहे, सेवेत असताना काही घडले होते, आणि या दोहोंचा परस्परांशी संबंध आहे. यात एक गोष्ट वाखाणण्यासारखी आहे. डॉक्टरने संबंधाची शंभर टक्के खात्री द्यावी लागत नाही. संबंध असण्याची शक्यता नसण्याच्या शक्यतेइतकी असली तरी पुरते. पारडी समसमान राहिली तर निकाल सैनिकाच्या बाजूने द्यावा, असे कायदाच सांगतो. देशासाठी ज्याने अंग झिजवले त्याच्याकडे संशयाने पाहू नये, हे तत्त्व त्यामागे आहे.

इथवर ठीक. पुढे टक्केवारी येते. प्रत्येक विकाराला शून्य ते शंभर टक्क्यांपर्यंत, दहा-दहाच्या पायरीने मोजमाप लावले जाते. हे मोजमाप कशाचे? वेदनेचे नव्हे, दुःखाचेही नव्हे. त्या विकारामुळे माणसाची कमावण्याची शक्ती सरासरीने किती घटते, त्याचे. हात गेला तर काम होत नाही, म्हणून टक्के भरपूर. पण मूल होण्याची शक्ती गेली तरी माणूस कचेरीत बसू शकतो, गाडी चालवू शकतो, हिशेब लिहू शकतो. मग टक्के किती? दोन्ही वृषणे काढावी लागली तर तीस, एकच काढले तर शून्य. नपुंसकत्वाला शून्य. शून्य टक्क्यांचा अर्थ असा, की सेवेमुळे हे झाले हे सरकारला मान्य आहे, परंतु त्याबद्दल देण्यासारखे काही नाही!

या शून्यावर उतारा म्हणून कायद्याने एक वेगळी रक्कम ठेवली आहे. कायद्याच्या भाषेत ती 'सर्जनाचा अवयव' गमावल्याबद्दलची आहे. शब्द केवढा थोर! रक्कम पाहा : २०२५ सालच्या दराने दरमहा सुमारे १३६ डॉलर. त्याच वर्षी दहा टक्के अपंगत्वाला सुमारे १७५ डॉलर आणि एकट्या माणसाच्या शंभर टक्के अपंगत्वाला सुमारे ३,८३० डॉलर मिळत होते. म्हणजे कानात सतत घूं घूं आवाज येत राहतो म्हणून जे दहा टक्के मिळतात, त्याहूनही वंश खुंटण्याची किंमत कमी. ही तुलना मी कुणाच्या कानाच्या दुखण्याला हिणवण्यासाठी करीत नाही. माणसाला केवळ कमावणारे यंत्र समजून केलेला हिशेब कुठे येऊन थांबतो, एवढेच दाखवायचे आहे.

स्त्रियांच्या बाबतीत कोष्टक थोडे वेगळे आहे. गर्भाशय काढले तर तीस टक्के, गर्भाशय व दोन्ही बीजांडकोश काढले तर पहिले तीन महिने शंभर आणि पुढे पन्नास. पण कोष्टकापर्यंत पोहोचणे हीच खरी लढाई. सेवेत असताना पोटात दुखले तर पुरुषांनी भरलेल्या छावणीत ते सांगायचे कुणाला? सांगितले तर 'बायका असल्याच' हे ऐकून घ्यायचे. मग ती दुखणे गिळून उभी राहते, दवाखान्याच्या वहीत नोंद होत नाही आणि दहा वर्षांनी कारकून विचारतो, पुरावा कुठे आहे? लाजेनेच पुरावा खाल्लेला असतो. छावणीतच अत्याचाराला बळी पडलेल्यांची तर याहून दारुण अवस्था. त्यातून जडलेल्या मानसिक आजाराच्या दाव्यांत आता नियमांनी थोडी वाट मोकळी केली आहे. घरच्यांना लिहिलेली पत्रे, त्या काळात करून घेतलेली गर्भधारणेची तपासणी, वागण्यात अचानक झालेला बदल, हेही पुरावे म्हणून पाहिले जातात. वाट उशिरा झाली, पण झाली.

आता दुसरी बाजू. व्हिएतनामच्या युद्धात १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकेने तेथील जंगलांवर आणि शेतांवर सुमारे दोन कोटी गॅलन तणनाशके फवारली. त्यांतल्या 'एजंट ऑरेंज'मध्ये डायॉक्सिन हे जालीम विष मिसळलेले होते. फवारणीखालून चालणाऱ्या पोरांना ते कुणी सांगितले नव्हते. घरी परतल्यावर त्यांच्यापैकी काहींच्या पोटी व्यंग असलेली मुले जन्माला आली आणि बापांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. १९९१ साली कायदा झाला, की व्हिएतनामच्या भूमीवर ज्याने पाऊल ठेवले त्याला विषाचा संसर्ग झाला असे गृहीतच धरावे. १९९६ साली, स्पायना बिफिडा म्हणजे पाठीचा कणा नीट न मिटता जन्मलेल्या त्यांच्या मुलांना साहाय्य देण्याचे ठरले. २००० साली व्हिएतनामला गेलेल्या स्त्रियांच्या मुलांसाठी आणखी काही जन्मजात व्यंगे यादीत घातली गेली. भरपाई सैनिकाला नव्हे तर त्याच्या अपत्याला मिळावी, हे तत्त्व येथे प्रथम मान्य झाले. लढाईवर जो गेलाच नव्हता, तोही लढाईत जखमी झाला होता!

ज्यांच्या डोक्यावर ते विष पडले त्या व्हिएतनामी माणसांनी मात्र अमेरिकेच्या न्यायालयात रासायनिक कंपन्यांवर लावलेला दावा २००५ साली फेटाळला गेला. न्यायाचा दिवा आपल्याच ओसरीपुरता लावायचा म्हटले की असे होते.

अलीकडची गोष्ट घ्या. अफगाणिस्तानात सैनिक पायी गस्त घालीत आणि जमिनीत पुरलेला सुरुंग पायाखाली फुटे. स्फोट खालून वर येतो, तेव्हा पाय जातो आणि पायासोबत आणखीही काही जाते. २००१ ते २०१३ या काळात इराक व अफगाणिस्तानात मिळून १,३०० हून अधिक अमेरिकन पुरुष सैनिकांच्या जननेंद्रियांना किंवा मूत्रमार्गाला इजा झाल्याची नोंद आहे. बहुतेकांची वये पस्तिशीच्या आतली, म्हणजे संसार मांडण्याची. आणि १९९२ च्या एका कायद्याने माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांना टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार करण्यास बंदी होती! कृत्रिम पाय सरकारी खर्चाने मिळे, मूल होण्यासाठी मात्र घर गहाण टाकावे लागे. २०१६ साली संसदेने या उपचारासाठी पैसा मंजूर केला, तोही लग्न झालेल्यांपुरता. २०२४ साली ती अट सैल झाली. २०२२ च्या नव्या कायद्याने, इराक-अफगाणिस्तानात कचऱ्याच्या पेटत्या खड्ड्यांच्या धुरात राहिलेल्यांना प्रजननसंस्थेचा कोणताही कर्करोग झाल्यास तो सेवेमुळेच झाला असे गृहीत धरण्याचे ठरले. प्रत्येक सुधारणेची तारीख पाहा आणि त्या त्या युद्धाची तारीख पाहा. मधल्या वर्षांत किती जणींचे मूल होण्याचे वय निघून गेले असेल, त्याचा हिशेब कोण ठेवणार?

या सर्वांवर आक्षेप येतात. पहिला असा, की सैनिक आपखुशीने भरती होतो, पगार घेतो. धोका त्याने पत्करलेलाच असतो. मान्य. त्याने गोळीचा धोका पत्करला होता. फवाऱ्यात काय आहे हे ज्याला सांगितलेच नाही, त्याने ते पत्करले असे कोणत्या तोंडाने म्हणावे? दुसरा आक्षेप असा, की खोटे दावे येतील. येतील, कोणत्या दाव्यात ते येत नाहीत? पण ज्या समाजात निपुत्रिक म्हणवून घेणे हीच शिक्षा आहे, तेथे महिना १३६ डॉलरसाठी किती पुरुष आपले पौरुष गेल्याचे कागदावर लिहून देतील? खोटे दावे थोडे आणि न केलेले खरे दावे पुष्कळ, असेच येथे चित्र असणार. तिसरा आक्षेप, हा खाजगी विषय आहे. जखम सरकारी कामावर झाली तेव्हा ती खाजगी नव्हती. भरपाईच्या वेळी ती खाजगी कशी होते?

आता आपल्या दाराशी येऊ. आपल्याकडेही अपंगत्वाची पेन्शन आहे. विकार सेवेमुळे उद्भवला किंवा सेवेमुळे बळावला हे ठरावे लागते आणि प्रमाण सामान्यतः वीस टक्के किंवा त्याहून अधिक असावे लागते. भरतीच्या वेळी ज्याची नोंद नव्हती तो आजार सेवेतच जडला असे धरावे व उलटे सिद्ध करण्याचा भार सरकारवर असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सांगितले. २०२३ साली नवे नियम आले आणि माजी सैनिकांच्या संघटनांनी त्यांवर हरकती घेतल्या. दरम्यान सैन्याचे रूपही बदलते आहे. लष्करी पोलिसांतील स्त्री-जवानांची पहिली तुकडी २०२१ साली बाहेर पडली, आणि खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी २०२५ साली. म्हणजे अमेरिकेत जे प्रश्न पन्नास वर्षे धुमसत राहिले ते आपल्या उंबऱ्यावर आले आहेत. सियाचीनचा बर्फ, रडारची ठाणी, दारूगोळ्याची कोठारे येथे काम करणाऱ्या तरुण-तरुणींच्या प्रकृतीची नोंद आजपासून नीट ठेवली, तर उद्या त्यांना पुराव्यासाठी वणवण करावी लागणार नाही.

आणि एक गोष्ट केवळ सरकारवर ढकलून चालणार नाही. आपल्या खेड्यात जवानाच्या घरी पाळणा हलला नाही तर बोट कुणाकडे जाते? बायकोकडे. उपास तिने करायचे, सौंदत्तीच्या डोंगराला नवस तिने बोलायचा, सासूचे टोमणे तिने ऐकायचे. दोष नवऱ्याच्या अंगात असू शकतो आणि तो दोष नसून सीमेवर झालेली जखम असू शकते, हे कुणाच्या ध्यानीही येत नाही. भरपाईचा अर्ज झाला तर निदान एक गोष्ट कागदावर येईल, की यात त्या बाईचा अपराध नव्हता. मला विचाराल तर ही गोष्ट पैशाहून मोठी आहे.

आपल्या महाविद्यालयात अनेक विद्यार्थी माजी सैनिकांच्या घरांतून येतात, या अंकाच्या मराठी विभागात लिहिणारे तसे कन्नड विभागात लिहिणारेही. गावात इंग्रजी अर्ज लिहून देण्यासाठी त्यांच्याकडेच कागद येतो. एखादा काका उंबऱ्यावर घुटमळत, खाली मान घालून असा कागद पुढे करील, तेव्हा हसू नका, आणि 'डॉक्टरला भेटा' म्हणून वाटेलाही लावू नका. दार लावून घ्या, त्यांना बसवा आणि ते सांगतील तसे लिहा. तारीख, ठाणे, दवाखाना, सारे लिहा. बाकीचे कायदा पाहील. पण पहिले वाक्य कुणीतरी लिहून घ्यायला हवे.