सही आपली, किल्ली कुणाच्या हाती?



बचतगटांच्या बैठकांत हल्ली एक नवा शब्द ऐकू येतो : कंपनी. "गटाची कंपनी करा, मोठी ऑर्डर मिळेल, बँक दारात येईल," असं सांगणारे सल्लागार भेटतात. घरातला पुरुषही म्हणतो, "तुझ्या नावानं कंपनी काढू." नागपुरात कंपनी म्हटलं की जुन्या माणसांना एम्प्रेस मिल आठवते. १८७७ साली जमशेटजी टाटांनी सुरू केलेल्या त्या गिरणीत बायकाही राबल्या. राबणारी बाई आणि कंपनीची मालकीण यांच्यात तेव्हा समुद्राएवढं अंतर होतं. आज कायद्याच्या नजरेत तरी ते मिटलं आहे. राबणारी बाई संचालक होऊ शकते, हे आपण हलकं समजू नये.

नोंदणीही पूर्वीसारखी राहिली नाही. एकेकाळी विदर्भातल्या कंपनीचे कागद घेऊन मुंबईचं कार्यालय गाठावं लागे. २००६ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाचं पोर्टल आलं. २०२० पासून 'स्पाइस प्लस' या एकाच अर्जात कंपनीचं नाव, नोंदणी, पॅन, व्यवसाय कर, बँक खातं अशी सगळी कामं होतात. पंधरा लाखांपर्यंतच्या भांडवलाला केंद्राचं नोंदणी शुल्क नाही, राज्याचा मुद्रांक तेवढा भरावा लागतो. मधल्या साहेबाच्या दारात ताटकळणं संपलं, हे चांगलंच झालं.

पण यंत्र भेदभाव करत नाही, असं म्हणणाऱ्यांनी एकदा बाईच्या बाजूनं तो अर्ज भरून पाहावा. पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. मधलं नाव कुठं वडिलांचं, कुठं नवऱ्याचं. नाव जुळलं नाही की अर्ज परत. आपल्या समाजानं लग्नात बाईचं नाव बदलायची रीत पाडली आणि त्याचा दंड मात्र तिनंच भरायचा. संचालकाच्या माहितीत वडिलांचं नाव लागतंच, मग तिला आईनं एकटीनं वाढवलेलं का असेना. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावापुढं आईचं नाव लावण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारनं घेतला. ती मुलं कंपनी काढतील तेव्हा काढतील, त्यांच्या आयांचं काय? नोंदणीकृत कार्यालयासाठी लाइट बिल आणि घरमालकाचं ना हरकत पत्र हवं. घर सासऱ्याच्या नावावर असेल, तर सून संचालक होणार की नाही हे सासरा ठरवणार. आणि हे सगळं मराठीत नाही.

तरीही या अडचणी दिसतात, म्हणून त्यांवर वाटा काढता येतात. न दिसणारी अडचण मोठी आहे. ती आहे सहीची.

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची माणदेशी महिला बँक तुम्हाला माहीत असेल. चेतना सिन्हा आणि गावातल्या बायकांनी बँक काढायचं ठरवलं, तेव्हा अर्जावर अंगठे आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला. बायका खचल्या नाहीत. लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करतो, तुम्ही कॅल्क्युलेटरशिवाय करून दाखवा. १९९७ साली बँक उभी राहिली. त्या बायकांनी सही कमावली होती.

आज सही विकत मिळते. डिजिटल सही म्हणजे पेनड्राइव्हसारखं एक टोकन आणि त्याचा पासवर्ड. ती घेताना बाई कॅमेऱ्यासमोर बसते, नाव सांगते, पॅन कार्ड दाखवते. मग टोकन नवऱ्याच्या कपाटात किंवा सीएच्या टेबलाच्या खणात जातं. त्यानंतर 'ती' सह्या करते, कर्ज काढते, हिशेब मंजूर करते, आणि तिला पत्ताही नसतो. अर्जातला ईमेलही पुतण्याचा. सरकारची नोटीस तिला येते, पण तिच्यापर्यंत पोहोचत नाही.

नवरा-बायकोच्या कंपन्या कशा होतात, हेही पाहायला हवं. खाजगी कंपनीला किमान दोन संचालक लागतात, म्हणून दुसरी ती. २०१६ च्या स्टँड-अप इंडियासारख्या योजनेत एक्कावन्न टक्के भांडवल बाईचं असावं, अशी अट होती. चांगल्या हेतूच्या अटीचाही असा वापर होतो. १९९३ च्या घटनादुरुस्तीनंतर आपण 'सरपंचपती' पाहिले. 'संचालकपती' हा त्यांचाच धाकटा भाऊ.

फरक एवढाच, की इथं किंमत तिलाच मोजावी लागते. वार्षिक हिशेब किंवा विवरणपत्र उशिरा भरलं तर प्रत्येक अर्जामागं दिवसाला शंभर रुपये. दोन अर्ज वर्षभर राहिले तर त्र्याहत्तर हजार. सलग तीन वर्षं भरलंच नाही, तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र. २०१७ साली सरकारनं दोन लाखांहून अधिक कंपन्या नोंदवहीतून काढल्या आणि तीन लाखांच्या आसपास संचालक अपात्र ठरवले. त्या यादीत 'ही बाई नावापुरती होती' असा वेगळा रकाना नसतो. उद्या तिला गटातल्या मैत्रिणींसोबत स्वतःची कंपनी काढावीशी वाटली, तर दार बंद.

मग कंपनी काढूच नये का? तसं नाही. उत्पादक कंपनी हा प्रकार आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. दहा उत्पादक व्यक्ती एकत्र आल्या, त्यांतून किमान पाच संचालक निवडल्या, की ती उभी राहते. कायद्याच्या व्याख्येत शेतीबरोबर पशुपालन, वनोपज, हातमाग आणि कुटीरोद्योगही येतात. मोहफुलं वेचणारी आणि मागावर बसणारीही उत्पादकच आहे. प्रत्यक्षात तिच्याकडं सातबारा मागितला जातो, जो तिच्या नावावर नसतो. व्याख्या आपल्या बाजूनं आहे, ती वाचून दाखवायला शिकलं पाहिजे.

गटांनी काही गोष्टी आजपासूनच कराव्यात. टोकन आणि पासवर्ड स्वतःजवळ ठेवा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४२ नुसार तो सांभाळणं ही सही ज्याची त्याचीच जबाबदारी आहे, त्यामुळं "मला माहीत नव्हतं" हे उत्तर चालणार नाही. अर्जात ईमेल आणि मोबाईल स्वतःचाच द्या. आपलं नाव कुठल्या कंपनीत आहे, हे पोर्टलवर तपासा. नावापुरतं संचालकपद नको असेल, तर लेखी राजीनामा द्या आणि त्याची नोंद पोर्टलवर स्वतःच्या सहीनं करा, तो हक्क कायद्यानं दिला आहे. पदावर असतानाच्या काळाची जबाबदारी त्यानं सुटत नाही, म्हणून उशीर नको. आणि कुणीही "इथं फक्त सही कर" म्हटलं, की एकच प्रश्न विचारा : कशावर?

सरकारकडं आपली मागणीही स्पष्ट हवी. अर्ज मराठीत हवा, आईच्या नावाला जागा हवी, आणि डिजिटल सही देताना तिचे परिणाम त्या बाईला तिच्या भाषेत समजावून सांगितले पाहिजेत.

अंगठ्याकडून सहीकडं येताना आपण साक्षरतेचे वर्ग घेतले. आता या नव्या सहीचे वर्ग घ्यावे लागतील. तुमच्या गटात ही किल्ली कुणाकडं आहे? पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि काय निघालं ते आम्हाला जरूर कळवा.