भाव भाताचा, शहर सोन्याचे



समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा पुरा झाला. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा, जालना असा तो आपल्याच कपाशी-ज्वारीच्या रानातून गेला. या रस्त्याबरोबर आणखी एक गोष्ट पहिल्यापासून सांगितली गेली, ती म्हणजे फाट्यावरची नवनगरे. नियोजनबद्ध, सुंदर, रोजगार देणारी. हे शब्द आपल्याला नवे आहेत. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांना ते पन्नास वर्षांपासून पाठ आहेत. तेव्हा नवनगराचा कागद हातात येण्याआधी नवी मुंबई कशी वाढली ते समजून घेऊ.

मुंबईचा भार खाडीपलीकडे न्यावा, ही कल्पना १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडली. कल्पना वाईट नव्हती. मार्च १९७० मध्ये सिडको निघाली, पुढे ३४४ चौरस किलोमीटरचे क्षेत्र ठरले. सरकारने भांडवल किती घातले? ३ कोटी ९५ लाख रुपये. एवढ्यात शहर होत नसते. खरे भांडवल होते जमीन. शेतकऱ्याची घ्यायची, भूखंड पाडून विकायची, त्या पैशातून पुढचे रस्ते करायचे. म्हणजे शहराला कर्ज दिले ते आगरी-कोळी शेतकऱ्याने, आणि तेही बिनव्याजी.

भाव कसा ठरला? कायदा १८९४ चा, इंग्रजांचा. कलम ४ ची अधिसूचना निघाली त्या दिवशीचा बाजारभाव धरायचा, पैसे हातात कधीही पडोत. कलम २४ तर उघडच सांगत होते की, घेतलेल्या जमिनीचा पुढे जो उपयोग होणार त्यामुळे वाढणारी किंमत हिशेबात धरू नये. इथे शहर होणार हे सगळ्यांना ठाऊक, मोबदला ठरवताना मात्र कोणालाच ठाऊक नाही! खारभूमीतले भात म्हणजे सोपी शेती नव्हे. भरतीचे पाणी अडवणारे बांध गावाने मिळून राखायचे, पावसाने मातीतले मीठ धुऊन काढायचे, तेव्हा रोप धरते. शेतकी शिकलेल्या आम्हाला त्या मेहनतीचे मोल कळते. मोबदल्यात ते कोणी धरले?

ज्या शहराचा खर्च भूखंड विकूनच निघायचा, ते शहर विकत घेऊ शकणाऱ्याच्या सोयीनेच वाढणार. मंत्रालय खाडीपलीकडे नेण्याची मूळ कल्पना होती, ते हलले नाही. उलट नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून कचेऱ्या उभ्या राहू दिल्या, पुढे वांद्रे-कुर्ला संकुल वाढवले. घाऊक बाजार मात्र वाशीला हलवले. ट्रक, हमाल, गोणी तिकडे. साहेब आहेत तिथेच. वाशीला लोकल १९९२ मध्ये पोचली. उरणला पोचायला जानेवारी २०२४ उजाडले.

त्याच उरण तालुक्यात जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली, आणि अमलात यायला १९९० चे दशक लागले. त्यातही सार्वजनिक सुविधांच्या नावाने पावणेचार टक्के कापून हातात पावणेनऊच. कित्येकांनी तो हक्क भूखंड मिळायच्या आतच विकला. घरात लग्न, आजारपण. माणूस वाट तरी किती पाहणार? ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या विमानतळासाठी हाच आकडा साडेबावीसवर गेला. सरकारचे मन मोठे झाले म्हणून नव्हे. एव्हाना तिथल्या शेतकऱ्याला भूखंडाचा भाव कळला होता आणि तो एकजुटीने बसला होता.

आता आपले. समृद्धीच्या नवनगरांसाठी सुरुवातीला जो हिशेब जाहीर झाला तो असा: बागायतीला ३० टक्के विकसित जमीन, जिरायतीला २५. आम्ही विचारतो, शहरात जिरायत-बागायत कशाला? इमारत काही विहिरीच्या पाण्यावर पिकत नाही. प्लॉट पडल्यावर मुरमाड रान आणि मळा एकाच भावाने विकले जातात. पन्नास वर्षे कालव्याचे पाणी आमच्या रानात आणले नाही ते सरकारने, आणि त्याबद्दल पाच टक्के दंड भरायचा आम्ही?

जमीन देऊच नका, असे आमचे म्हणणे नाही. कापसाच्या भावात घर चालत नाही म्हणून पोरगा पुण्याला निघालाच आहे. शहरच बांधावर आले तर त्यात वाईट काय? पण वाढणाऱ्या किमतीत वाटा हवा, आणि तो आधी ठरायला हवा.

मोजणीदार आला तर चहा जरूर पाजा. सही करण्याआधी लिहून मागा: टक्केवारी कपातीआधीची की नंतरची, भूखंड कोणत्या रस्त्यावर, कोणत्या तारखेपर्यंत, आणि उशीर झाला तर दरसाल भाडे किती. गावठाण आधी वाढवून मागा. नवी मुंबईच्या गावांत ते वेळेवर वाढले नाही, आणि मूळ गावकऱ्याच्या नातवाचे घर आज अनधिकृत ठरते. जिल्हा बैठकीला येताना सातबारा आणि गावनकाशा घेऊन या. आखणीत कोणाचे गट पडतात ते तिथेच लावून पाहू.