जंगलातलं ऑर्किड घरी आणू नका! केडगावच्या पाण्याशी त्याचा काय संबंध? समजून घ्या

केडगावच्या नळाला येणारं पाणी मुळा धरणातलं. ही मुळा नदी उगम पावते सुमारे दीडशे किलोमीटरवर, अकोले तालुक्यातल्या हरिश्चंद्रगडाच्या डोंगररांगेत. केडगावात पावसाची वाट पाहावी लागते आणि तिकडे पाऊस थांबत नाही. त्याच ओलाव्यावर तिथल्या जुन्या झाडांवर आणि कातळांवर देशी ऑर्किड, म्हणजेच आमरी जगते. तिचं काय होतं, याकडे नगरकरांनी परकं म्हणून पाहून चालणार नाही.

आमरी म्हणजे बांडगूळ का?

नाही. बांडगूळ झाडाच्या आत मुळं घुसवून त्याचा रस शोषतं. आमरी सालीला फक्त धरून राहते आणि स्पंजासारख्या मुळांनी हवेतला, पावसाचा ओलावा घेते. झाडाला तिचा त्रास नाही. तरीही फांदीवर दिसली की बांडगूळ समजून ती काढून टाकली जाते. उन्हाळ्याच्या शेवटी फुलांचे लांब घोस लटकवणारी ‘सीतेची वेणी’ ही आमरीच. पावसाळ्यात कातळपठारांवर पांढरी फुलं देणाऱ्या हबेनेरियासारख्या काही आमरी जमिनीत वाढतात.

एकदा गेली की परत का येत नाही?

आमरीचं बी धुळीसारखं बारीक असतं. एका बोंडात हजारो, कधी लाखो बिया असतात, पण त्यांत अन्नसाठा नसतो. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच बी रुजतं. १९२२ मध्ये अमेरिकेतील लुईस नडसन यांनी साखरेच्या माध्यमावर, बुरशीशिवाय बी रुजवून दाखवलं. त्यातून प्रयोगशाळेतल्या रोपांचा मार्ग खुला झाला. पण जंगलात जुनी साल, बुरशी आणि परागीभवन करणारे कीटक सगळेच लागतात. वठलेल्या वडाच्या जागी नवं रोप लावलं, तरी त्यावर आमरी यायला अनेक वर्षं जातात.

कायदा काय सांगतो?

भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २०१९ मध्ये देशात १,२५६ प्रकारच्या ऑर्किडची नोंद केली. त्यांपैकी ३८८ जगात इतरत्र सापडत नाहीत. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सहाव्या अनुसूचीत मोजक्या सहा वनस्पती होत्या. त्यांतलं एकही ऑर्किड महाराष्ट्रात उगवत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आलं. १९८६ पासून अभयारण्य असलेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड परिसरातून रोप उपटणं गुन्हाच आहे. मात्र अभयारण्याबाहेर, रस्त्याकडेच्या आणि बांधावरच्या आमरीला वाली नाही. झाड तोडताना त्याची जात आणि घेर मोजला जातो, फांदीवर काय जगतं ते कुणी पाहत नाही.

मग करायचं काय?

पहिला उपाय सरकारी आहे. वृक्षतोडीच्या परवानगीतच ‘आधी आमरी शोधा, मग कुऱ्हाड चालवा’ ही अट हवी. झाड वाचवता येत नसेल, तर पावसाळ्याच्या तोंडावर आमरी शेजारच्या त्याच जातीच्या झाडाला बांधावी. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या आहेत. त्यांत आमरीची झाडं आणि देवराया नोंदवल्या, तर परवानगी देणाऱ्याला दुर्लक्ष करता येणार नाही.

दुसरा उपाय पर्यटकांच्या हातात आहे. भंडारदऱ्याला काजवे किंवा धबधबे पाहायला जाताना रोप उपटून आणू नका. केडगावच्या कोरड्या हवेत ते बहुधा जगणार नाही. हौस असेल तर नर्सरीत तयार केलेलं संकरित ऑर्किड घ्या. जंगलातून आणलेलं रोप कुणी विकत असेल, तर नकार द्या. फोटो जरूर काढा, पण रीलमध्ये नेमकी जागा टाकू नका. फुललेल्या झाडाचा पत्ता पसरला की उपटणारे हातही तिथे पोहोचतात.

शोभेच्या ऑर्किडची लागवड वाढली म्हणून जंगलातली आमरी वाचली, असं समजू नये. ती वाचते जुनं झाड उभं राहिलं तरच. ती झाडं आणि मुळेचा उगम एकाच डोंगरात आहेत, हे नळ सोडताना आठवलं तरी पुष्कळ.