तेराव्यानंतर

घरातलं माणूस गेलं की भेटायला येणारे लोक पंधरा वर्षांच्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून हमखास म्हणतात, ‘आता तूच घरचा कर्ता.’ मला या वाक्याची चीड आहे. दहावीचं वर्ष, नुकतंच खांद्यावर मडकं घेऊन फिरलेलं पोर, आणि वर हे ओझं. मग ते रडायचं थांबतं आणि सगळे म्हणतात, फार समजूतदार हो! या वयातलं दुःख तुकड्यातुकड्यानं येतं: संध्याकाळी क्रिकेट, रात्री पांघरुणात बाबांचे जुने व्हॉइस मेसेज. खेळलं म्हणजे विसरलं, असं नसतं. आणि या दुःखाला मुदतही नसते: साने गुरुजींची आई १९१७ साली गेली, तिच्या आठवणींचं ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहून झालं १९३३ मध्ये. म्हणून गेलेल्या माणसाचं नाव घरात घेत राहा, फोटो कपाटात टाकू नका, वर्गशिक्षकांच्या कानावर घाला. झोप-जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलं, ‘मीही नको’ अशी भाषा आली, तर थांबू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. आणि मुलीला स्वयंपाकघरात ढकलून ‘आता आईची जागा तूच घे’ म्हणणाऱ्या मावशी-आत्यांना चहा खुशाल द्यावा, पण तो त्यांनाच करायला लावावा.