कथेची किल्ली कोणाच्या हाती?

ऑस्ट्रेलियातील ॲबोरिजिनल चित्रकलेच्या भवितव्याविषयी चर्चा निघाली की एक उपाय मोठ्या आत्मविश्वासाने पुढे केला जातो. सर्व चित्रांच्या संगणकीय प्रती काढाव्यात, वृद्ध चित्रकारांच्या तोंडच्या कथा ध्वनिमुद्रित कराव्यात आणि हा साठा साऱ्या जगाला खुला करावा. म्हणजे कला टिकेल आणि कलावंतही सुरक्षित राहील. या उपायामागील सद्भावाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु जतन आणि संरक्षण या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यात विसरले जाते. प्रत काढल्याने आकृती टिकते. आकृतीवरचा अधिकार टिकेलच असे नाही. किंबहुना या कलेचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास पाहता, अधिकार हिरावला गेला तो अनेकदा प्रतीच्याच वाटेने, असे दिसून येते.

१९६६ साली ऑस्ट्रेलियात दशमान चलन आले आणि एक डॉलरच्या नोटेवर झाडाच्या सालीवरील एका चित्राची आकृती छापली गेली. हे चित्र आर्नहेम लँडमधील डेव्हिड मलांगी यांचे होते. गुर्मिरिंगु या आद्य शिकाऱ्याच्या मृत्यूची आणि अंत्यविधीची कथा त्यात होती. मूळ चित्र पॅरिसच्या संग्रहालयात गेले होते. त्याचे छायाचित्र रिझर्व्ह बँकेच्या हाती आले आणि ज्याअर्थी चित्र पारंपरिक त्याअर्थी त्याचा कर्ता अनामच असणार, असे गृहीत धरले गेले. कर्ता हयात होता. ही गोष्ट उघड झाल्यावर बँकेचे गव्हर्नर एच. सी. कूम्ब्स यांनी मलांगी यांना १,००० डॉलर, एक पदक आणि मासेमारीचे साहित्य दिले. तंत्रज्ञान येथे कोठेही अपुरे पडले नव्हते. छायाचित्राने चित्र इमानाने जपले होते आणि चित्रकाराला तितक्याच सहजतेने पुसून टाकले होते.

असे का घडते हे समजण्यासाठी या चित्रांतील 'कथा' म्हणजे काय हे पाहिले पाहिजे. मध्य ऑस्ट्रेलियातील पित्जंत्जत्जारा लोक जिला जुकुर्पा म्हणतात ती केवळ सृष्टीच्या आरंभाची पुराणकथा नव्हे. पूर्वज कोणत्या वाटेने गेले, पाणी कोठे आहे, कोणती जागा कोणाची, कोणाशी कोणाचे नाते आणि कोणते आचरण वर्ज्य, हे सारे तीत एकत्र गुंफलेले असते. वार्लपिरी लोकांत एखाद्या कथेचा वारसा पित्याच्या बाजूने ज्यांच्याकडे येतो ते 'किर्दा' आणि मातेच्या बाजूने आलेल्या नात्याने जे तिच्यावर देखरेख ठेवतात ते 'कुर्दुंगुर्लु'. म्हणजे चित्र काढणाऱ्यालाही त्या चित्राचे मनमानी स्वातंत्र्य नसते. ग्रेट सँडी वाळवंटातील लोकांनी १९९७ साली सुमारे ८ मीटर रुंद आणि १० मीटर लांब असा 'न्गुरारा' कॅनव्हास एकत्र बसून रंगविला, तो आपल्या भूमीवरील हक्काचा पुरावा म्हणून; २००७ साली त्यांच्या मोठ्या भूभागावरील हक्काला मान्यता मिळाली. जी कथा जमिनीचा दस्तऐवज होऊ शकते, तिला 'सर्वांची सांस्कृतिक ठेव' म्हणून मोकळी करणे म्हणजे दुसऱ्याच्या घराचे कागद चव्हाट्यावर मांडणे होय.

गुप्ततेचा प्रश्नही येथेच उद्भवतो. १९७१ साली पापुन्या येथे शाळाशिक्षक जेफ्री बार्डन यांच्या प्रोत्साहनाने वडीलधाऱ्या पुरुषांनी भिंतीवर आणि फळ्यांवर रंगकाम सुरू केले. १९७२ साली 'पापुन्या तुला' ही चित्रकारांची स्वतःची संस्था स्थापन झाली. आरंभीच्या काही फळ्यांवर केवळ दीक्षितांनीच पाहावीत अशी चिन्हे उमटली. शेजारच्या समाजांनी त्यावर तीव्र आक्षेप घेतला आणि चित्रकारांनी अशी चिन्हे गाळण्यास वा ठिपक्यांच्या जाळीआड झाकण्यास सुरुवात केली. बाजाराने ज्या ठिपक्यांना शैलीची खूण मानले, त्यांतील काही ठिपके मुळात पडदा होते. ज्या कलेने झाकण्यासाठी स्वतःचे तंत्र घडविले, तिच्या रक्षणाचे एकमेव साधन म्हणून उघडे करण्याचे तंत्र सुचवावे, हा विरोधाभास सहज दुर्लक्षिण्याजोगा नाही.

खुलेपणाने ज्ञानाचा प्रसार होतो, त्यात हानी कसली, असे विचारले जाते. त्याचे उत्तर न्यायालयाच्या दप्तरात आहे. १९९४ साली निकाल लागलेल्या गालिच्यांच्या खटल्यात बांदुक मारिका, जॉर्ज मिलपुर्रुर्रु आदी चित्रकारांच्या कृती व्हिएतनाममध्ये विणलेल्या गालिच्यांवर उतरविल्या गेल्या होत्या. या आकृती आल्या कोठून? राष्ट्रीय कलासंग्रहालयासारख्या संस्थांनी लोकशिक्षणाच्या हेतूने काढलेल्या प्रकाशनांतून. पवित्र पाणवठ्याचे चित्र पायांखाली तुडविण्याच्या वस्तूवर आले. न्यायालयाने नुकसानभरपाई ठरविताना हा सांस्कृतिक आघात विचारात घेतला, हे त्या निकालाचे श्रेय. परंतु १९९८ साली जॉन बुलुन बुलुन यांच्या चित्राच्या खटल्यात कायद्याची मर्यादा स्पष्ट झाली. चित्रकाराने आपल्या गनलबिंगु समाजाप्रती विश्वस्ताचे कर्तव्य पाळले पाहिजे, असे न्यायालयाने मानले; मात्र चित्रावर समाजाची मालकी मानली नाही. कॉपीराइट व्यक्तीला ओळखतो, समाजाला ओळखत नाही. आकृतीला ओळखतो, कथेला ओळखत नाही.

दुसरा उपाय सांगितला जातो तो अस्सलपणाच्या खुणेचा. प्रत्येक चित्राला संगणकाने वाचता येईल अशी चिठ्ठी लावावी, म्हणजे खोटा माल आपोआप उघडा पडेल. ही आशा भाबडी आहे. चिठ्ठी लावण्याचा भार येतो तो प्रामाणिक चित्रकारावर. नकली माल विकणारा चिठ्ठीविना सुखाने विकत राहतो. १९९९ च्या सुमारास सुरू झालेली राष्ट्रीय अस्सलतेची खूण काही वर्षांतच बंद पडली. उत्पादकता आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार स्मरणवस्तूंवर होणाऱ्या खर्चापैकी निम्म्याहून अधिक खर्च बनावट वस्तूंवर होत होता. इंडोनेशियात बनलेल्या वस्तू ॲबोरिजिनल कलावंतांनी हाताने घडविल्याचा आभास निर्माण करणाऱ्या एका कंपनीला २०१९ साली २३ लाख डॉलरांचा दंड झाला खरा. पण तोवर कंपनी दिवाळ्यात निघाली होती आणि तिचा अपराध ठरला तो ग्राहकाची दिशाभूल केल्याचा. त्याच वस्तूंवर 'इंडोनेशियात बनविलेले' असे ठळकपणे छापले असते, तर त्या कायद्याला फारसे काही म्हणता आले नसते. ज्यांची कथा चोरली गेली ते या हिशेबात कोठेही नव्हते.

पैशाच्या बाबतीतही जे थोडे संरक्षण मिळाले ते यंत्राने नव्हे, कायद्याने दिले. जॉनी वारंगकुला जुपुर्रुला यांचे १९७२ चे पाण्याच्या कथेवरील चित्र आरंभी १५० डॉलरांना विकले गेले होते. २००० साली लिलावात त्याला ४,८६,५०० डॉलर मिळाले. या वाढीत चित्रकाराचा कायदेशीर वाटा शून्य होता. पुनर्विक्रीवर ५ टक्के हक्क देणारा कायदा २०१० साली अमलात आला. नोंदवही संगणकावर असल्याने असा हक्क वसूल करणे सुलभ होते, हे मान्य; परंतु आधी हक्क, मग नोंदवही, हा क्रम उलटविता येत नाही.

याचा अर्थ तंत्रज्ञान त्याज्य आहे असा मुळीच नाही. वृद्ध जाणते काळाआड जात आहेत, आणि जे मुद्रित झाले नाही ते नातवंडांना कदाचित कधीच ऐकू येणार नाही, हा विरोधी पक्षाचा सर्वांत बलवान मुद्दा आहे आणि तो खरा आहे. मात्र त्याचे उत्तर त्या समाजांनी स्वतःच दिले आहे. पित्जंत्जत्जारा कौन्सिलने १९९४ साली सुरू केलेल्या 'आरा इरितित्जा' या उपक्रमात दूरच्या संग्रहांत विखुरलेली छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे लोकांकडे परत आली. तेथे पुरुषांचे आणि स्त्रियांचे गुप्त ज्ञान वेगळे ठेवले जाते; कोणी निवर्तले तर शोकाच्या काळात त्यांची छबी झाकता येते. टेनंट क्रीकच्या वारुमुंगु समाजाबरोबर घडलेल्या 'मुकुर्तु' या संगणक-प्रणालीचे नावच पवित्र वस्तू सांभाळून ठेवण्याच्या पिशवीवरून आले आहे. पाहणाऱ्याचे कुळ, लिंग आणि भूमीशी असलेले नाते यांवर तेथे काय दिसेल ते ठरते. या दोन्ही ठिकाणी संगणक समाजाच्या नियमांचे पालन करतो.

अशी बंधने ज्ञानाच्या मुक्त संचाराला मारक आहेत, असा आक्षेप घेणाऱ्यांनी आपल्या घरात डोकावून पाहावे. शासनाची कागदपत्रे ठरावीक काळ बंद असतात, व्यापारी आपले सूत्र तिजोरीत ठेवतो, वैद्य रुग्णाची माहिती सांगत नाही. या गुप्ततेला व्यवस्था म्हणतात. वाळवंटातील वृद्धेने कथा सांगण्यास नकार दिला की मात्र तिला अंधश्रद्धा म्हणतात. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली खुल्या आकृतींचा कच्चा माल वापरून क्षणार्धात 'ॲबोरिजिनल धर्तीची' चित्रे काढून देतात. त्यांत ठिपके असतात. पाणवठा कोणाचा हे नसते. शैलीवर कॉपीराइट नसल्याने कोणी कोणाकडे दादही मागू शकत नाही. जे जे सद्भावाने खुले केले, ते ते या गिरणीत दळले जाऊ शकते.

पारंपरिक ज्ञानाच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा करण्याचे ऑस्ट्रेलियन शासनाने २०२३ च्या सांस्कृतिक धोरणात जाहीर केले. अशा कायद्याने समाजाला कथेचा धनी म्हणून मान्यता द्यावी आणि अस्सलपणाचा पुरावा देण्याचा भार विकणाऱ्यावर टाकावा. संग्रहालयांनीही प्रत काढण्याआधी विचारावे, आणि 'नाही' हे उत्तर पूर्ण उत्तर म्हणून स्वीकारावे. तोवर नवनव्या यंत्रांची भरती करणे म्हणजे धन्याला न विचारता त्याच्या वाड्याला मोठमोठे दरवाजे बसविणे होय. किल्ली धन्याला दिल्यावाचून त्याला रक्षण हे नाव देता येत नाही.